कुदळ आणि पाटी : कर्मवीर भाऊराव पाटील



शताब्दी अंकात कोणाकोणाची चरित्रे घ्यायची, याची यादी करायला आम्ही मंदिरात बसलो होतो. संतांची नावे पटापट लिहून झाली. विष्णुबुवा जोगमहाराज आले, गाडगेबाबा आले. मग कोणीतरी भाऊराव पाटलांचे नाव घेतले आणि जरा शांतता झाली. भाऊरावांच्या गळ्यात माळ नव्हती. ते वारीला चालले नाहीत. जन्म जैन घरातला आणि विचार सत्यशोधकी. त्यांचे वारकऱ्यांच्या पुस्तकात काय काम, असे एकाने सरळ विचारलेच. विचारले ते बरे केले. भाऊराव वारकरी नव्हते, हे आम्हीही आधीच सांगून टाकतो. मागून ओढून-ताणून कुणाला माळ घालायची नाही.

पण आपलेच संत आठवून पाहा. गोरोबा माती तुडवत होते, सावतोबा मळ्यात खुरपत होते, नरहरी सोनाराच्या हातात हातोडी होती, नामदेवरायांचे घर शिंप्याचे, सेनामहाराजांच्या हातात धोपटी. यांतल्या कोणी धंदा सोडून देव शोधला नाही. ज्ञान एकीकडे आणि हातचे काम दुसरीकडे अशी वाटणी आपल्या पंथाने केलीच नाही. ती वाटणी शाळेने केली. पाटी हातात आली की कुदळ सुटलीच पाहिजे, असे आपल्या गावातही ठरून गेले. ज्याने ही वाटणी मोडून दाखवली, कुदळ आणि पाटी एकाच पोराच्या हातात दिली, त्याचे चरित्र आपण वाचायला नको का? शेवटी सगळ्यांना पटले. लिहायचे काम मात्र आमच्याच गळ्यात पडले.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूरजवळच्या कुंभोज गावी. बाहुबलीचा डोंगर तिथून जवळच. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, वाळवे तालुक्यातले. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते, त्यामुळे बदल्या होत आणि पोराची शाळाही गावोगाव फिरे. अंगापिंडाने मुलगा दांडगा, तालमीचा नाद, अभ्यासात मन कमी. ऐतवड्याची एक गोष्ट अजून सांगतात. विहिरीवर अस्पृश्यांच्या बाया घागरी घेऊन ताटकळत उभ्या, कोणी वाढील तेव्हा पाणी. या पोराने ते पाहिले आणि विहिरीचा रहाटच मोडून पाण्यात टाकला. आम्हाला रहाट नेमका कसा मोडला ते ठाऊक नाही, पण पुढचे आयुष्य पाहिले की गोष्ट खोटी वाटत नाही.

इंग्रजी शिक्षणासाठी ते कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. शाहू महाराजांचा तो काळ. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत ये, असे सांगण्यात आले. त्यांनी ती केली नाही. बोर्डिंग सुटले. मग शाहू महाराजांच्या आश्रयाला वाड्यावर राहिले. परीक्षेत काही जमले नाही आणि इंग्रजी सहावीच्या आसपास शिक्षण थांबले. ज्याने पुढे हजारो पोरे शिकवली, त्याच्या स्वतःच्या हातात मॅट्रिकचा कागद नव्हता.

साताऱ्यात येऊन ते शिकवण्या करू लागले. लोक पाटील मास्तर म्हणू लागले. याच सुमारास, 1910 साली, दुधगावी मित्रमंडळींच्या साथीने विद्यार्थी आश्रम निघाला. तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत. हे पहिले बीज.

मग 1914 साली कोल्हापुरात डांबर प्रकरण झाले. राजाराणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले आणि त्यात एका माणसाला गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असा दबाव आला. ते नाही म्हणाले. त्यांना अटक झाली, छळ झाला. खोटे बोलण्यापेक्षा मरण बरे म्हणून त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, वाचले आणि पुढे सुटले. हे सगळे घडले कोल्हापूर संस्थानात. तरीही पुढे साताऱ्यातल्या आपल्या सर्वांत मोठ्या वसतिगृहाला त्यांनी नाव दिले ते शाहू महाराजांचेच. मनात अढी धरून बसणारा माणूस हे करू शकत नाही. आमच्यासारख्यांची तर दिंडीतल्या जागेवरून झालेली कुरबूर दहा-दहा वर्षे जात नाही.

पोटासाठी त्यांनी जे काम धरले, तेच पुढे उपयोगी पडले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल ते गावोगाव विकत हिंडले. लोखंडी नांगराने जमिनीला विष होते, असे तेव्हा शेतकरी म्हणायचे. नुसते बोलून नांगर खपत नसे. शेतात उतरून, बैल जुंपून चालवून दाखवावा लागे. (ओगल्यांचे कंदील पुढे घरोघरी गेले. आपल्या दिंडीत विजेऱ्या येण्याआधी मुक्कामाला तेच लागत, हे जुन्या माळकऱ्यांना आठवत असेल.) या फिरतीत भाऊरावांनी खेडी पाहिली, तशी ती कुठल्या साहेबाने पाहिली नसतील. नांगर घ्यायला पैसा नाही, घेतला तरी पावती वाचता येत नाही, सावकाराच्या वहीवर अंगठा. कष्टात कुठे कमी नाही, पण त्या कष्टाचा हिशेब दुसऱ्याच्या हातात. हे त्यांच्या मनाला लागले.

4 ऑक्टोबर 1919, दसऱ्याचा मुहूर्त. कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. दोन वर्षे आधी, 1917 साली, आळंदीत जोगमहाराजांनी वारकरी शिक्षण संस्था सुरू केली होती. तिथे माधुकरी मागून पोरे ज्ञानेश्वरी शिकू लागली. इकडे कालेत आणि मग नेर्ल्यात शेतकऱ्यांची पोरे बोर्डिंगात राहून शाळा शिकू लागली. दोघांची वाट वेगळी, पण घरची भाकरी ज्याला पुरत नाही त्याला विद्या कशी मिळावी, हा प्रश्न एकच होता. आपली दिंडीही साधारण त्याच काळातली. त्या पिढीला कसली तहान लागली होती कोण जाणे!

1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली. सुरुवात भाऊरावांच्या राहत्या घरातच झाली, घरात पोरे आणून ठेवली. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, जो येईल तो. पुढे धनिणीच्या बागेत वसतिगृह उभे राहिले.

इथे लक्ष्मीबाईंबद्दल सांगितलेच पाहिजे. माहेरचे नाव आदाक्का, घर सोवळ्याओवळ्याचे. लग्न होऊन आल्या आणि चुलीजवळ सगळ्या जातींची पोरे येऊन बसली. आधी त्यांना ते जड गेले असेल, जाणारच. पण त्यांनी ती पोरे पोटची म्हणून वाढवली. न्हाऊ घालणे, आजारपण काढणे, भाकरी थापणे. भाऊराव देणग्यांसाठी बाहेरगावी असत आणि मागे कणगी रिकामी होई. एकेक दागिना मोडत गेला. एकदा काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि पोरांच्या जेवणाचे धान्य आणवले. 1930 साली त्या गेल्या. पुढचे मोठे वैभव, हायस्कूल, कॉलेज यांतले त्यांनी काहीच पाहिले नाही. भाऊरावांचे चरित्र सांगताना लोक त्यांच्यासाठी दोन ओळी लिहितात. आम्हीही फार जास्त लिहिल्या नाहीत, पण आमच्या मते संस्थेचा पाया त्या सोन्यावर आहे.

आता मुख्य गोष्ट. बोर्डिंग चालायचे कसे? गावोगावच्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य वेगळे काढून ठेवत. ते पोरे जाऊन गोळा करत, त्याला मुष्टिफंड म्हणत. पण नुसत्या मुठीवर भागत नव्हते आणि भाऊरावांना पोरे दानावर वाढलेली नको होती. दुसऱ्याच्या दारची भाकरी खाल्लेला पोरगा मोठा होऊन मान वर करत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून बोर्डिंगात गडी नव्हता, स्वयंपाकी नव्हता. दळण, पाणी, स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळे पोरांनी पाळीपाळीने करायचे. पाटलाच्या पोराने महाराच्या पोराचे ताट घासायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याने याचे. पडीक माळ मिळाला तर दगड वेचून, माती टाकून, विहीर खणून भाजीपाला काढायचा. इमारत हवी तर दगड फोडायचे, माती वाहायची, भिंत उचलायची. मग संध्याकाळी त्याच हाताने भूमिती आणि इंग्रजी.

यात फुकटची मजुरी करून घेण्याचा डाव आहे, असे म्हणणारेही होते. काही पालकांनाही ते आवडायचे नाही. घरी शेण काढतोच आहे, तिथे जाऊन पुन्हा तेच करायला शाळा कशाला, असा त्यांचा सवाल. सवाल अगदीच चुकीचा नाही. पण घरी केलेल्या कामाने पोरगा गुराख्याचा गुराखीच राहत होता. इथे केलेल्या कामाने त्याची खानावळ भागत होती, वह्या येत होत्या आणि वरची यत्ता उघडत होती. शिवाय काम करताना मोजमाप, दर, हजेरी हे सगळे त्याला स्वतःच लिहावे लागे. अंगठ्याच्या जागी सही आली.

25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले गेले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसून एकाच चुलीवरचे जेवतात, हे पाहून गांधीजींना मोठे समाधान वाटले. पुढे 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी उद्योगातून शिक्षण ही योजना मांडली. ती आणि भाऊरावांची पद्धत अगदी एक नव्हे. वर्ध्याला चरख्यावरून गणित शिकवायचे होते. साताऱ्याला गणित फळ्यावरच शिकवत, पण त्या वर्गात बसायचा हक्क पोरगा कुदळीने कमवत असे. आमच्या बुद्धीला साताऱ्याचा मार्ग जास्त सरळ वाटतो.

पण 1927 ची ती पंगत आम्हाला दुसऱ्या कारणाने बोचते. त्या साली आपल्या पंढरीत काय होते? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि चोखोबांच्या लेकरांना महाद्वाराच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. साने गुरुजींनी उपोषण केले आणि 1947 मध्ये दार उघडले. म्हणजे साताऱ्याच्या बोर्डिंगात पंगत एक झाल्यावर वीस वर्षांनी. एकमेकांच्या पाया पडणारे आपण, काला एकमेकांच्या तोंडी भरवणारे आपण. आणि आपल्या दिंडीतही वाळवंटात काला एक आणि मुक्कामाला पंगती दोन, असेच बरीच वर्षे चालले. हे शताब्दी अंकात लिहू नका, असे आम्हाला सुचवण्यात आले होते. पण जुन्या लोकांनी स्वतः सांगितले आहे आणि ते सांगताना त्यांना वाईट वाटत होते, म्हणून लिहितो. माळ न घातलेल्या माणसाने जे चुलीपाशी करून दाखवले, ते माळ घातलेल्यांना देवळापाशी जमायला उशीर झाला.

भाऊरावांच्या कामाची पुढची शिडी थोडक्यात सांगतो, कारण यादी वाचून कोणाचे पोट भरत नाही. 1932 मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग. 1935 मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय, कारण खेड्यात जाऊन राहायला शहरातला मास्तर तयार होईना, तेव्हा खेड्यातलाच मास्तर घडवायचा. मग डोंगरकपारीच्या वाड्यावस्त्यांवर एकशिक्षकी शाळा, त्यांचा आकडा पाचशेच्या वर गेला. इमारत कुठली? चावडी, धर्मशाळा, नाहीतर गावचे देऊळ. अनेक गावांत पहिली पाटी देवासमोर बसून गिरवली गेली ती अशी. 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, राहणे-शिकणे मोफत, मोबदला अंगमेहनतीचा. कमवा आणि शिका हे नाव पुढे सगळीकडे गेले. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. कॉलेजातले बी.ए. करणारे पोरगे सकाळी खडी फोडताना दिसे, हे शहरच्या पाहुण्यांना नवल वाटे. कॉलेजचे शिवाजी महाराजांचे नाव बदलले तर मोठी देणगी देतो, असे एकजण म्हणाला होता. वडिलांचे नाव बदलायचे असते तरी एकवेळ विचार केला असता, महाराजांचे बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. पैशाची तर सदाच ओढाताण होती, तरी देणगी परत गेली.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने एकशे एक शाळा काढायचा भाऊरावांनी संकल्प केला. आणि त्याच सुमारास सरकारी अनुदान बंद पडले. भाऊराव तोंडाचे फटकळ, सरकारवर टीका करताना मागेपुढे पाहत नसत, ते वरच्यांना खटकले. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. तेव्हा धावून आले कोण? आपले गाडगेबाबा. बाबांना अक्षरओळख नव्हती. पण कीर्तनात ते देवाआधी शाळेचे नाव घेत, भांडी विका पण पोराला शिकवा असे सांगत. पंढरपूर, आळंदी, देहूला धर्मशाळा बांधणाऱ्या या माणसाने भाऊरावांसाठी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांपाशी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले, असे सांगतात. एकाच्या हातात खराटा, दुसऱ्याच्या हातात कुदळ, दोघांच्याही अंगावर धड कपडा नाही. 1954 मध्ये कराडला कॉलेज निघाले, त्याला भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या नावाने कॉलेज! स्वतःचे नाव त्यांनी कशाला दिले नाही.

माणूस म्हणून भाऊराव सोपे नव्हते. राग नाकावर. पोरगा आळस करताना दिसला तर हात उचलत, असे त्यांचे विद्यार्थीच सांगायचे, आणि सांगताना डोळे पुसायचे. अंगात जाडी खादी, छातीवर रुळणारी दाढी, पाय अनवाणी. त्या पायांनी सातारा जिल्ह्याचे किती घाट तुडवले असतील, याचा अंदाज आपल्याइतका दुसऱ्या कोणाला येणार नाही, कारण लोणंद, तरडगाव, फलटणच्या वाटेवर दुपारी बाराला जमीन कशी तापते, ते आपल्या तळपायांना माहीत आहे. लोकांनी त्यांना कर्मवीर म्हटले. 1959 साली सरकारने पद्मभूषण दिले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाची सर्वांत मोठी पदवी. त्याच वर्षी 9 मे रोजी पुण्यात ते गेले. समाधी साताऱ्यात आहे.

हे चरित्र लिहिताना आम्ही आपल्या दिंडीतल्या काही वयस्कर माळकऱ्यांना विचारले. त्यांतले तिघे रयतच्या बोर्डिंगात वाढलेले निघाले. त्यांतले एक आज नव्वदीला आलेत. त्यांना विचारले, काय काम करायचात? ते म्हणाले की नुसते दगड वाहिले नाहीत, तर ते घडवायला शिकलो. छिन्नी कशी धरायची, दगडाचा पदर कसा ओळखायचा, ते तिथल्या गवंड्याने शिकवले. पुढे ते प्राथमिक शिक्षक झाले. निवृत्त झाल्यावर आपल्या मंदिराच्या ओवरीचे काम निघाले, तेव्हा उत्तरेच्या बाजूचे चार चिरे त्यांनी स्वतः बसून घडवले. आम्ही रोज त्या ओवरीत हरिपाठाला बसतो, आणि आम्हाला हे ठाऊक नव्हते.

यंदाच्या वारीत त्यांना चालवले नाही, ते ट्रकमधून आले. एका मुक्कामाला आपली दिंडी शाळेत उतरली होती. सगळ्यांनी व्हरांड्यात पथाऱ्या पसरल्या. हे मात्र काठी टेकत शाळेच्या भिंतीपाशी गेले, जोत्याच्या दगडावरून हात फिरवत बसले. पोरांनी विचारले, आजोबा, काय बघताय? घडणावळ हातची आहे, मशीनची नाही, एवढे सांगून ते जेवायला उठले. जेवण झाल्यावर कोणी घ्यायच्या आत स्वतःचे ताट त्यांनी स्वतः घासून पालथे घातले.